काचेवरच्या पट्ट्या

मुलगी फोनवर आपल्या सर्दीविषयी बोलत होती आणि तिच्या बोलण्याच्या पाठीमागे कोणीतरी खिडकीच्या काचेवर कागदी पट्ट्या चिकटवीत होते. तो आवाज त्याने ओळखला नसता तर बरे झाले असते. परंतु त्याने तो ओळखला. आधी गुंडाळीवरून पट्टी सुटतानाची कोरडी चरचर, मग ती तोडल्याचा तुटक फटकारा, आणि मग तळहाताने दाबत नेताना काचेच्या अंगातून निघणारा तो बारीक, दबलेला सूर, रडून दमलेल्या मुलाने नाक ओढावे तसा. लाकडावर पट्टी लावली तर हा सूर निघत नाही. भिंतीवर लावली तर मुळीच नाही. आदल्या दिवशी सबंध दुपारभर त्याने हाच आवाज स्वतःच्या हातांनी केला होता, आणि त्याच्या तळहाताला त्या डिंकाचा चिकटपणा अजूनही जाणवत होता.

"मागे काय चाललंय?" त्याने विचारले.

"कुठे मागे?"

"तुझ्या मागे."

"काही नाही हो. हे कपाटाच्या फळ्यांना कागद लावतायत. सुट्टीचा उद्योग."

"बरं," तो म्हणाला.

"जेवलात का?"

"जेवलो."

"बरं मग. ठेवते, बाबा."

फोन ठेवल्यावर तो तसाच खुर्चीत बसून राहिला. मुलगी ज्या शहरात राहत होती त्या शहराचे नाव गेले कित्येक आठवडे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरून हलले नव्हते. युद्ध आज होईल, उद्या होईल, होणारच नाही, झाल्यात जमा आहे, असे रोज कोणीतरी जाणकार लिहीत असे, आणि तो ते वाचून वर्तमानपत्राची घडी पुन्हा दुकानातल्यासारखी घालून ठेवीत असे. दर रविवारी मुलगी सांगे की इथे सगळे नेहमीसारखे आहे. दुकाने उघडी आहेत. ती जिथे दातांच्या कवळ्या घडवायला जाते ती जागाही चालू आहे. तिचा नवरा शहराच्या पंपघरात कामाला होता. त्याच्या पाळ्या वाढल्या आहेत एवढे मात्र एकदा तिच्या तोंडून निसटले होते, आणि तेवढ्यावरून त्याच्या मनात जी पाल चुकचुकली होती तिला त्याने बळेच गप्प केले होते. आता ती पाल भिंतीवरून उतरून थेट त्याच्या मांडीवर येऊन बसली. कपाटाच्या फळ्या काचेच्या नसतात.

त्याचा व्यवसायच असा होता की त्याला कानावर अविश्वास दाखविणे परवडत नसे. तो चित्रपटांना आवाज पुरवीत असे. पडद्यावर नायिका जिना उतरू लागली की काळोख्या खोलीत, पडद्याकडे डोळे लावून, तिच्या पावलाशी पाऊल जुळवून तो जागच्या जागी चाले. खोलीत खडीची, वाळूची, फरशीची आणि जुन्या फळ्यांची अशी निरनिराळी चौकटबंद जमीन मांडलेली होती आणि भिंतीशी जोड्यांची इतकी मोठी रांग होती की नवखा माणूस तिथे आपल्या चपला काढून आत येई. कोबीचा गड्डा पिळला की हाड मोडते, कातडी हातमोजे फडफडवले की कबुतर उडते, चमकदार कागद चुरगाळला की आग लागते. खरी आग यंत्राला खरी वाटत नाही, हे त्याने तरुणपणीच शिकून घेतले होते. स्टुडिओत सगळे त्याला पाऊलकाका म्हणत. यंत्रावर बसणाऱ्या जाड्या गृहस्थाचे नाव कानसेन पडले होते, आणि हे नाव आपल्याला गाणे येत नाही म्हणून पडले की ऐकू चांगले येते म्हणून, याचा उलगडा त्या गृहस्थाने स्वतःलाही कधी करून घेतला नव्हता.

सध्या हाती असलेला चित्रपट फार जुना आणि दुर्मीळ होता. बंद पडलेल्या एका चित्रपटगृहाच्या माळ्यावर त्याची एकुलती एक प्रत सापडली होती. ओलीने फितीची कड खाऊन टाकली होती, आणि नेमका त्याच कडेला आवाज होता. नावाची पाटीही कुजून गेली होती, म्हणून सगळे त्याला 'बिननावी' म्हणत. चित्रसंग्रहालयाच्या बाईंनी नटांच्या ओठांवरून आणि हयात असलेल्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून संवाद जुळविले होते, नवे नट येऊन ते म्हणूनही गेले होते. उरले होते ते बाकीचे सगळे मुके जग, आणि ते त्याच्या वाट्याला आले होते.

त्या चित्रपटात युद्ध नव्हते. युद्धाची वाट पाहणारी साधी माणसे होती. एक शिंपी होता, जो कोणी न्यायला येणार नाही अशा सदऱ्यांना काजे करीत बसे. एक बाई घरातले सगळे कपडे धुऊन काढी, ते वाळले की पुन्हा धुई. एक वाण्याचे दुकान होते, ज्याचा दरवाजा रोज थोडा थोडा कमी उघडे. आणि घरोघरी, बॉम्बच्या धक्क्याने काचा फुटून अंगावर उडू नयेत म्हणून, खिडक्यांना कागदी पट्ट्या लावल्या जात; त्याची शनिवारची दुपार त्या पट्ट्यांतच गेली होती. त्या माणसांपैकी एकही युद्धाविषयी बोलत नसे; बोलायचे ते सुईविषयी, साबणाविषयी, शेजारणीच्या खोकल्याविषयी. परंतु अधूनमधून ती सगळीच्या सगळी एकाएकी माना वळवीत. काहीतरी ऐकू आल्यासारखी. हातातला घास, हातातली सुई तिथेच थबके, डोळे छताकडे जात, आणि मग कोणीतरी ओशाळून हसे. काय ऐकले होते त्यांनी, हे आता कोणालाच ठाऊक नव्हते. ते ठरविण्याचे काम त्याचे होते. कधी तो दूर कुठेतरी दार आपटी, कधी रिकामे पिंप लोटून देई. त्या माणसांना दचकविण्यासाठी रोज नवी खोटी कारणे पुरविताना सुरुवातीला त्याला कारागिराची मौज वाटली होती. त्या रविवारनंतर मात्र वाटेना. सोमवारी त्याने पिंप लोटले तेव्हा पडद्यावरच्या धुणाऱ्या बाईने मान वळवली आणि त्याला वाटले की ही आपल्याकडेच पाहते आहे, की मेल्या, का उगाच जीव खातोस.

"काका, पिंप जरा लवकर पडलं," कानसेन काचेपलीकडून म्हणाला. "अजून बाईनं मान वळवली नव्हती."

"पुन्हा करू."

"आज तुमचं चित्त थाऱ्यावर नाही. पोरीचा फोन आला होता का?"

"आला होता."

"काय म्हणते?"

"सर्दी झालीय म्हणते."

कानसेनाने पुढे विचारले नाही. तो बडबड्या होता, परंतु कुठे गप्प बसावे हे ज्या थोड्या बडबड्यांना कळते त्यांपैकी होता.

सर्दी. तेवढी एक गोष्ट खरी होती. तिच्या नाकातले म, न, सगळे बंद झालेले होते. लहानपणीही तिला सर्दी झाली की तो शेजारच्या खोलीतून तिच्या श्वासावरून सांगे की आज हिला शाळेत पाठवू नका. बायकोला त्याचे फार कौतुक वाटे. पोरीला वाटत नसे. ती दारात आली की तो आतूनच म्हणे, नव्या चपला घेतल्यास वाटतं. ती जिन्यात थांबली की त्याला कळे की कोणाशी तरी बोलत थांबली होती, आणि ज्याच्याशी बोलत थांबली होती तो उंच आहे की ठेंगणा हेसुद्धा त्याच्या पायरी उतरण्यावरून कळे. यात त्याचा काही हेतू नव्हता. तो ऐकायला जात नसे. ते येऊन कानावर पडे. परंतु मुलगी हळूहळू पाय न वाजवता चालायला शिकली. दार हवेसारखे लावू लागली. खोलीत रडली असेल तर उशीत रडली असेल, कारण त्याने ते कधी ऐकले नाही, आणि न ऐकल्यामुळेच त्याला कधीमधी खात्री वाटे की ती रडते. लग्नाआधी एकदा ती हसत हसत आईला म्हणाली होती, "आपल्या घरात भिंतींना कान नाहीत, कानांना भिंती आहेत." आई हसली. तो आत होता. त्यालाही ऐकू आले. मग ती इतक्या दूरच्या शहरात गेली की जिथून आगगाडीची शिट्टीही पोचत नाही. आई वारल्यावर आली, दिवस संपले तशी परतली. तिचे ते घर त्याने पाहिलेले नव्हते. ये म्हणून तिने म्हटले नाही असे नाही, परंतु ज्या घराला आपले कान नकोत म्हणून ते इतके लांब बांधले गेले, तिथे ते दोन कान घेऊन जायचे कोणत्या तोंडाने?

आणि आता हे. आता जर तो म्हणाला की, बाळ, मी पट्ट्यांचा आवाज ऐकला, तर तो पुन्हा तोच शेजारच्या खोलीतला बाप होणार होता. तिने खोटे बोलून स्वतःभोवती जी एवढीशी जागा राखली होती, ती तो त्या एका वाक्याने हिसकावून घेणार होता. आणि न बोलावे, तर गाड्या आज चालू आहेत त्या उद्या असतील याचा नेम नव्हता. परत ये, एवढे दोन शब्द. ते त्याने स्टुडिओत जाताना म्हणून पाहिले, दाढी करताना म्हणून पाहिले, आणि प्रत्येक वेळी त्यांचा आवाज त्याला दुसऱ्या कोणाच्या तरी जोड्यांसारखा सैल वाटला.

अशा अवस्थेत 'बिननावी'चे शेवटचे रीळ आले. चौकात मालमोटार उभी असते. ज्यांना जायचे ते गाठोडी घेऊन मागच्या फळीवरून वर चढत असतात. शिंपी वर चढून बसलेला असतो आणि खाली उभ्या असलेल्या आपल्या मुलीला हात पुढे करून बोलावीत असतो. मग पडद्यावर ती मुलगी एकटीच येते, भिंतीशी उभी. ती बराच वेळ पाहते. मग चौकटीतून निघून जाते आणि मागे नुसती भिंत उरते. त्या भिंतीवर चित्रपट संपतो. ती मोटारीत चढली की घरी परतली, ते चित्रात दिसत नाही. ते पूर्वी आवाजात असणार, आणि आवाज ओलीने खाल्लेला होता.

त्याने विचार केला नाही. रांगेतून बायकी वहाणांचा एक जुना जोड काढला, टाचेवरचा भार चवड्यावर घेतला, आणि ती मुलगी चौकटीतून निघताच खडीवरून चालू लागला. आधी जड, मग जरा भरभर. खडीवरून फळीवर पाय ठेवला तेव्हा फळी कुरकुरली. दुसरा पाय आला. मग त्याने ओठ मिटून घेतले, आणि भिंत संपेपर्यंत तो त्या फळीवर श्वास रोखून उभा राहिला. आयुष्यात इतकी पावले चालला असेल, परंतु कुठेतरी पोचल्यासारखे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले.

"काका, अंगावर काटा आला," कानसेन म्हणाला. "चढली पोरगी."

"चढली," तो म्हणाला.

दुपारी संग्रहालयाच्या बाई आल्या. त्या कमी बोलणाऱ्या, सदा थकलेल्या आणि फार सभ्य बाई होत्या. शेवटचे दृश्य त्यांनी पाहिले, पुन्हा लावायला सांगितले, पुन्हा पाहिले.

"काका, ती चढली असं तुम्हाला कशावरून वाटलं?"

"बाप बोलावतोय ना, बाई."

"बोलावतोय खरा. पण तिचं गाठोडं बघा." त्यांनी चौकटीच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. भिंतीच्या पायाशी काळपट काहीतरी होते.

"ती ओल आहे. सगळ्या रिळावर असे डाग आहेत."

"डागाला गाठ नसते, काका."

त्याने पुढे होऊन पाहिले. गाठ होती. फडक्याची चार टोके एकत्र आणून मारलेली साधी गाठ, आणि तिचा एक कान उभा राहिलेला. आधीच्या दृश्यात तेच तर तिच्या काखेत होते. इतके दिवस तो ते चित्र पाहत होता, आणि त्याने पाहिलेच नव्हते. कान लावून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना जी झापड असते ती त्याच्या डोळ्यांवर होती. ती कदाचित केवळ सवयीची नव्हती.

"विसरली असेल," कानसेन मध्येच म्हणाला. "आमची ही माहेरी निघाली तेव्हा मला विसरून स्टँडवर गेली होती."

बाई हसल्या, पण मान हलवून म्हणाल्या, "गाठोडं टाकून कोणी परगावी जात नाही. ही मोटारीकडे गेली असेल तर बापाला निरोप द्यायला, आणि मग माघारी. उद्या करू या परत? पावलं लांब गेली पाहिजेत."

"करू," तो म्हणाला.

घरी तो चालत आला. वाटेत सगळीकडे माणसे चालत होती, आणि त्यांतले एकही पाऊल त्याला ऐकू आले नाही. आपण एका पोरीला तिच्या मनाविरुद्ध मोटारीत चढविले, एवढेच त्याच्या डोक्यात होते. तीही फार वर्षांपूर्वीची, आता कदाचित जिवंतही नसेल अशी, सावलीची पोरगी. तिला चढवताना आपला हात किती सहज पुढे झाला, आणि जी खरी आहे, जिला सर्दी झाली आहे, तिच्यापुढे आपली जीभ टाळूला चिकटते. दार उघडून तो सरळ फोनपाशी जाऊन खुर्चीत बसला. रविवार नव्हता. आजवर फोन नेहमी तिकडूनच येत असे.

"बाबा? काय झालं? पडलात का?"

"नाही. सहज केला."

"तुम्ही सहज फोन करत नाही."

"आज केला." त्याने तारेला उगाच पीळ घातला. "सर्दी कशी आहे?"

"आहे. बाबा, नक्की बरे आहात ना?"

"मी ठीक आहे. गाड्या चालू आहेत का गं तिकडच्या?"

तिने नाक ओढले. मग म्हणाली, "या आठवड्यापुरत्या आहेत म्हणतात."

"मग ये."

शब्द तोंडातून गेले होते. सैल वाटले नाहीत. कसे वाटले ते त्याला कळलेच नाही, कारण त्याच्या कानांत रक्त वाजत होते.

"यांना सोडत नाहीत, बाबा. पंपघरातल्या कोणालाच नाही. पाणी बंद पडलं तर गावात काही उरायचं नाही म्हणतात."

"त्याचं नाही म्हणत. तुला म्हणतोय." मग स्वतःचीच लाज वाटून तो म्हणाला, "म्हणजे, तोही सुखरूप राहो."

"कळलं मला." बराच वेळ नुसता तिचा चोंदलेला श्वास येत राहिला. "रविवारी का नाही म्हणालात?"

"रविवारी मला कुठे काय..."

"बाबा. ऐकलंत ना तुम्ही?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे म्हणत होते, तुझा फोन होईस्तोवर हात थांबवतो. मीच म्हटलं, थांबू नका, लावत राहा. मला तोंडानं सांगवेना. कितीदा ठरवलं, आणि तुम्ही जेवलात का विचारून ठेवून दिला. म्हटलं, बाबांना ऐकू जाईल. जगात दुसऱ्या कुणाला जाणार नाही, त्यांना जाईल. आणि तुम्ही म्हणालात, बरं."

त्याला बसल्या जागी आपले वजन वाढल्यासारखे झाले. इतकी वर्षे जी भिंत त्याने मनात जपली होती ती पलीकडून कोणी कधी बांधलीच नव्हती की काय? की बांधली होती, आणि तीत एवढेसे भोक ठेवून, त्या भोकाशी तोंड नेऊन, ती रविवारी दुपारी वाट पाहत उभी राहिली होती? आणि आपण या बाजूने, तिच्यावर उपकार केल्यासारखा, त्यात बोळा कोंबला. तू फळ्यांना कागद लाव, मी ऐकले नाही. किती सभ्यपणा.

"मला भीती वाटली," तो म्हणाला. हे वाक्य त्याने कधी म्हणून पाहिले नव्हते.

"मलापण वाटते, बाबा."

"मग ये ना."

"नाही यायची मी. हे पाळी संपवून येतात तेव्हा पार गळून गेलेले असतात. रिकाम्या घरात यायचं त्यांनी?"

"रिकाम्या घराचं मला नको सांगूस."

ती हसली. बंद नाकाने हसल्यामुळे ते हसू मध्येच अडकले आणि खोकला झाले. तोही हसला असावा. मग त्याच्या कानावर तिच्या मागचा एक आवाज येऊ लागला, सलग, घोगरा, हळूहळू वर चढत जाणारा. तो काय आहे हे त्याला ठाऊक होते. ओठांवर आलेले उत्तर त्याने गिळले.

"तो कसला आवाज येतोय गं?"

"तुम्ही मला विचारताय?"

"विचारतोय."

"पाणी. पिंप भरतेय. थांबा." तिने फोनची लांब तार ओढत नेल्याची सरसर आली. आता पाणी जवळ आले, आणि मग नळ बंद झाल्याबरोबर नुसते थेंब. "हे मोरीतलं झालं. आता इकडे या. ही आमची जेवायची खोली, हे टेबल," तिने बोटांनी ठकठक केले, "एका पायानं लंगडं आहे, घडी घातलेला कागद ठेवलाय खाली. हे घड्याळ, ऐकू येतं का? मागे पडतं, पण यांना फेकवत नाही. हा पलंग." पलंगाने तक्रार केली. "ही शेजारची म्हातारी, भिंतीपलीकडे, दिवसभर कुणाशी तरी भांडते; घरात एकटीच आहे. हे बाहेरचं दार. कडी अशी लागते."

त्याने डोळे मिटले नाहीत. आयुष्यभर तो ऐकताना डोळे मिटत आला होता. आज उघडे ठेवून समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहत तो तिच्या मागोमाग त्या न पाहिलेल्या घरातून चालला, टेबलाला वळसा घालून, पलंगाच्या कडेने, दारापर्यंत. तिथे आवाज संपले. म्हातारीही गप्प झाली होती. त्याने पुष्कळ कान देऊन पाहिले, परंतु ओळखावे असे काहीच सापडले नाही.

"आणि हे?" त्याने विचारले.

"कुठलं?"

"आता जे आहे ते. मला काही कळत नाही."

"हे काही नाही, बाबा," मुलगी म्हणाली. "ही मी उभी आहे."

तोही खुर्चीवरून उठून उभा राहिला.